सीलबंद मळणी

गव्हावर लावलेला हार्वेस्टर हरभऱ्यावर कसा आणायचा, हे पोस्टमास्तरांना सकाळच्या चहापर्यंत अजिबात माहीत नव्हतं. दुपारच्या जेवणापर्यंत मात्र या विषयातलं आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, अशी त्यांची ठाम समजूत झाली होती. मधल्या वेळात त्यांनी यंत्राबरोबर आलेलं माहितीपुस्तक वाचलं होतं. तेही चित्रांपुरतंच, कारण मजकूर कुठल्या भाषेत आहे यावरच घरात एकमत होत नव्हतं.

हार्वेस्टर त्यांच्या मेहुण्यानं जुन्यात घेतला होता आणि त्यात अर्धा हिस्सा पोस्टमास्तरांचा होता. अर्धा म्हणजे पुढचा की मागचा, हे अजून ठरायचं होतं. पण ते धूड सोसायटीच्या फाटकाशी येऊन उभं राहिल्यापासून पोस्टमास्तर त्याच्याकडे अखंड मालकाच्या नजरेनं बघत होते. वास्तविक उभ्या जन्मात त्यांनी तिकिटांना डिंक लावण्यापलीकडे हातानं काही केलेलं नव्हतं. घरातला बल्बसुद्धा पोस्टमास्तरीणबाई बदलत आणि ते खाली स्टूल धरून सूचना देत. पण निवृत्त माणसाला अंगात आलेला उत्साह ठेवायला जागा हवी असते, आणि या यंत्रात जागा भरपूर होती. ते घटकेघटकेला खाली जाऊन त्याच्या चाकाला हात लावून येत, आणि हाताला लागलेलं ग्रीस चारचौघांनी बघेपर्यंत धूत नसत.

अशात आक्कांचा फोन आला. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. गावाबाहेरची शेती एकटीच्या हिमतीवर करणारी, आणि आपला भाऊ अजून शाळेतच आहे असं मानून त्याच्याशी बोलणारी.

"धाकट्या, तुमचं ते यंत्र हरभरा काढतं का?"

"आक्का, काढतं म्हणजे काय, गहू, हरभरा, सोयाबीन, सूर्यफूल, तू म्हणशील ते काढतं. फक्त ड्रम जुळवून घ्यावा लागतो."

"मग नीट जुळवायला सांग तुझ्या मेहुण्याला. माझा हरभरा बियाण्याचा आहे. दाणा फुटला की संपलं, फुटका दाणा उगवत नाही. गेल्या खेपेला मशीनवाल्यानं निम्म्याची डाळ करून पदरात घातली, आणि बियाणं खात्याचा तो अधिकारी मूठभर दाणे तळहातावर घेऊन माझ्या तोंडावर हसला. यंदा तसंच झालं तर मी शेती सोडणार. रान कुणाला तरी कसायला देईन आणि तुमच्या फ्लॅटमध्ये येऊन बसेन खिडकीशी."

पोस्टमास्तरांनी धसका घेतला. आक्का आपल्याकडे राहायला येतील याचा नव्हे, किंवा फक्त त्याचाच नव्हे. शेती सोडलेल्या आक्का त्यांना डोळ्यांसमोर आणताच येईनात.

"तू निर्धास्त राहा. मी स्वतः बघतो."

"तू कशाला हात लावू नकोस बाळा," आक्का मायेनं म्हणाल्या. "तू आपला सावलीत बस."

या एका वाक्यानं पुढचं सगळं रामायण घडलं. पोस्टमास्तरांना रागावलेलं चालत असे, टाकून बोललेलंही चालत असे, पण कुणी मायेनं निकामी ठरवलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. त्यांनी मेहुण्याला बोलावणं धाडलं, आणि आक्कांनी नमुन्यादाखल पाठवलेली दोन पोतीभर हरभऱ्याची झाडं आली त्याच दुपारी सोसायटीच्या आवारात प्रयोग करायचं जाहीर केलं.

इथे वाचकांसाठी थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. पोस्टमास्तरांनी ते अख्ख्या सोसायटीला ऐकवलं, तेव्हा तुम्हाला सोडण्यात अर्थ नाही. हार्वेस्टरच्या पोटात एक ड्रम गरगर फिरत असतो आणि त्याच्याखाली कमानीसारखी वाकलेली जाळी असते. कापलेलं पीक या दोघांच्या मधल्या फटीतून रगडून जातं. दाणे जाळीतून खाली पडतात आणि भुसा मागून बाहेर जातो. गव्हाला ड्रम जोरात फिरवायचा आणि फट अरुंद ठेवायची. हरभरा नाजूक, त्याला ड्रम सावकाश आणि फट रुंद. फार रगडलं तर दाण्याची डाळ होते, फार सैल सोडलं तर घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, न फुटता तसेच्या तसे मागून निघून जातात. वेग कमीजास्त करायला चालकाच्या बैठकीशेजारी एक छोटं चाक होतं, आणि फट कमीजास्त करायला त्याला लागूनच खाचाखाचांचा एक दांडा. बस्स, एवढंच. पोस्टमास्तर म्हणत, यापेक्षा मनिऑर्डर अवघड असते.

इंजिन धडधडलं मात्र, सोसायटीचे सेक्रेटरी हातात नियमावली घेऊन धावत आले.

"हे आवारात चालणार नाही. आपल्याकडे वाहनांचे दोनच प्रकार आहेत, दुचाकी आणि चारचाकी."

"मग बरोबर आहे," पोस्टमास्तर म्हणाले. "मोजून घ्या."

सेक्रेटरींनी खरंच यंत्राभोवती फेरी मारून चाकं मोजली. चारच भरली. त्यांनी पुढच्या कापणीच्या पात्याकडे बोट दाखवलं. "पण याला दात आहेत."

"दातांबद्दल नियमावलीत काय म्हटलंय?"

नियमावलीत दातांबद्दल काही नव्हतं. पण दातांचा उल्लेख कानावर पडताच तळमजल्यावरचे दंतवैद्य आपल्या खोलीतून बाहेर आले. सगळे त्यांना नुसतं डॉक्टर म्हणत. भला माणूस, पण पेशंट कमी आणि कुतूहल जास्त. त्यांनी यंत्राच्या पोटात टॉर्च मारून बराच वेळ हुंकार दिले आणि म्हणाले, "फटीचं काम आहे ना? मग हे माझंच क्षेत्र. थोडं उघडा म्हणावं."

मेहुण्यानं पहिली पेंढी पुढे टाकली. ड्रम गव्हावरच लावलेला होता, तो तसाच ठेवून मुद्दाम बघायचं असं ठरलं होतं. पोटात काहीतरी कडाडलं, टाकीत डाळ पडली, आणि मागून भुशाचा जो लोट उठला तो समोरच्या दोरीवरच्या तमाम चादरी, सेक्रेटरींची नवी कोरी गाडी आणि स्वतः सेक्रेटरी यांच्यावर समान न्यायानं बसला. सेक्रेटरींनी तोंड उघडलं होतं, ते त्यांना ताबडतोब मिटावं लागलं.

पोस्टमास्तरांना मात्र कमालीचा आनंद झाला होता. पुस्तकातलं चित्र खरं निघालं होतं. त्यांनी चाक फिरवून वेग उतरवला, दांडा ओढून फट पार रुंद केली. आता मागून घाटे अखंड बाहेर आले, त्यातला एकही उघडला नव्हता. मग मधली खाच. या खेपेला टाकीत असे टपोरे, सोनेरी, अभंग दाणे पडले की पोस्टमास्तरांनी ते ओंजळीत घेऊन जिने चढून तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना दाखवले.

ते खाली आले, मेहुण्यानं पुढची पेंढी टाकली, आणि पुन्हा डाळ पडली.

त्यांनी दांडा पुन्हा जागेवर आणला. पुढच्या खेपेला घाटे न फुटता मागून निघाले. पुन्हा आणला, तर पुन्हा डाळ. एक पोतं असं संपलं. पोस्टमास्तर घामाघूम झाले. यंत्रात मुळातच दोष आहे, विकणाऱ्यानं फसवलं आहे आणि आपल्या वाट्याचा अर्धा भाग नेमका बिघडलेला आहे, अशा निष्कर्षाला ते आले. मेहुण्यानं इंजिन बंद केलं. त्या अचानक आलेल्या शांततेत पोस्टमास्तरीणबाई सहज म्हणाल्या, "मला मघाशी जरा घरघर जास्त वाटली, म्हणून मी एक खाच सैल केली होती हो. काही बिघडलं नाही ना?"

मेहुणा चुळबुळला. "लवकर उरकावं म्हणून मी चाक थोडं वाढवलं होतं, भावोजी. अगदी थोडं."

सगळ्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. "मी फक्त प्रयोग म्हणून," डॉक्टर म्हणाले. "दोनदाच."

आता यात नवल काही नव्हतं. पोस्टमास्तरांच्या घरात कधीही भांडण होत नसे, कारण घरात बटणं होती. पोस्टमास्तर पंखा पाचावर ठेवून पेपर वाचत, पोस्टमास्तरीणबाई येता-जाता तो दोनावर आणत. फ्रीजच्या थंडाव्याचं चक्र त्या वाढवत, मेहुणा पाणी प्यायला उघडे तेव्हा कमी करी. रेडिओचा आवाज, गीझरचा काटा, गॅसची आच, कशालाच एक मालक नव्हता. कुणी कुणाला बोलत नसे, दुखवत नसे, फक्त पाठ फिरली की हळूच हात जाई. डॉक्टर शेजारी असूनही याच वळणाचे निघाले होते. इतकी सुसंस्कृत माणसं एका हार्वेस्टरभोवती जमल्यावर दुसरं काय होणार?

पण पोस्टमास्तर त्या दिवशी समजूतदारपणाच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांना आक्कांचा तो मायाळू आवाज ऐकू येत होता. ते घरात गेले आणि कपाटातून एक कापडी पिशवी काढून सामानात ठेवून आले. पिशवीत काय आहे हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही, कारण सगळे दोरीवरच्या चादरी झटकण्यात गुंतले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हार्वेस्टर आक्कांच्या रानात उतरला. डॉक्टर दवाखाना बंद ठेवून आले होते. बरोबर डोळ्याला लावायचं भिंग होतं. आक्का बांधावर उभ्या होत्या. पोस्टमास्तरीणबाईंनी पुढे होऊन विचारपूस केली, मेहुण्यानं वाकून नमस्कार केला, आणि आक्का भावाला म्हणाल्या, "तिकडे झाडाखाली सतरंजी घातलीय तुला."

"मी बसायला आलेलो नाही," पोस्टमास्तर म्हणाले आणि शिडी चढून वर गेले.

हरभरा वाळलेला होता, पण सकाळच्या दवानं अंगावर ओल धरून होता. पहिल्या फेरीला कालच्या खाचेवर घाटे नीट उघडेनात. चिवट झाले होते. पोस्टमास्तर यंत्रामागे पळत जाऊन भुशात हात घालत, घाटे शोधत, परत पुढे येऊन एक खाच आवळत, पुन्हा मागे पळत. आयुष्यात ते इतके कधी पळाले नव्हते, आणि आपण पळतो आहोत याचं त्यांना भानही नव्हतं. फट थोडी आवळून आणि वेग किंचित चढवून अखेर जमलं. टाकीत स्वच्छ, अख्खे दाणे, मागे रिकामे घाटे. डॉक्टरांनी भिंगातून दाणा फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "कीडसुद्धा नाही."

आक्कांनी मूठ भरून घेतली, दाणे बोटांतून खाली सोडले आणि पहिल्यांदाच भावाकडे नीट बघितलं. "बरे दिसतायत," त्या म्हणाल्या. आक्कांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे बँडबाजाच. पोस्टमास्तरांचा ऊर भरून आला.

आणि ऊर भरून आला की माणूस चुका करतो. त्यांनी मेहुण्याला यंत्र थांबवायला सांगितलं, ती कापडी पिशवी मागवली आणि त्यातून सुतळी, लाखेची कांडी, काड्यापेटी आणि एक पितळी शिक्का काढला. शिक्का त्यांना निरोप समारंभात सहकाऱ्यांनी भेट दिलेला होता, त्यावर उडणारं कबुतर होतं. दांडा आणि शेजारचं चाक, दोन्ही सुतळीनं एकमेकांना करकचून बांधून त्यांनी गाठीवर लाख वितळवली आणि त्यावर कबुतर उमटवलं.

"आता," ते खाली जमलेल्या मंडळींना म्हणाले, "बरोबर मापावर लागलेलं आहे. संध्याकाळी बियाणं खात्याचा अधिकारी तपासून जाईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. सील फोडणं हा गुन्हा असतो."

"कुणाच्या कायद्यानं?" मेहुण्यानं विचारलं.

"माझ्या," पोस्टमास्तर म्हणाले.

सकाळभर मळणी अशी रंगली की बघत राहावं. टाकी भरे, पोती भरत, मेहुणा शीळ घाली. पोस्टमास्तर सतरंजीवर बसले नाहीतच. ते बांधावरून मागेपुढे करत येणाऱ्या-जाणाऱ्याला ड्रम, जाळी आणि फट समजावून सांगत राहिले. पलीकडच्या रानातला सूर्यफूलवाला तर काम टाकून ऐकायला येऊन उभा राहिला.

ऊन चढलं. यंत्र टाकी रिकामी करायला थांबलं, तेव्हा पोस्टमास्तरीणबाई पाण्याची बाटली द्यायला वर चढल्या. इंजिन चालूच होतं. त्यांनी कान दिला. काल जशी घरघर वाटली होती तशीच, पण जास्त कोरडी, मिक्सरमध्ये सुकं काही फिरवल्यासारखी. त्यांचा हात सवयीनं दांड्याकडे गेला, कबुतर दिसलं, आणि त्यांनी तो मागे घेतला. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं पहिल्यांदाच एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. तेवढी तरी पाळावी म्हणून त्या खाली उतरल्या आणि गप्प राहिल्या.

थोड्याच वेळात डॉक्टर भिंग डोळ्याला लावूनच धावत आले. त्यांचा एक डोळा भलताच मोठा दिसत होता. "चिरा आहेत," ते म्हणाले. "केसासारख्या. आणि हे बघा, हा तर सरळ दुभंगलाय."

पोस्टमास्तरांनी टाकीत हात घातला. ओंजळीत डाळ आली. सगळी नव्हे, पण डोळ्यांना खुपेल एवढी.

"अशक्य आहे," ते म्हणाले आणि वर चढून सील तपासून आले. "सील शाबूत आहे."

"पण दाणे फुटतायत, भावोजी."

"सील शाबूत असताना आत काही फुटू शकत नाही." हे वाक्य त्यांनी नोकरीत खिडकीमागून असंख्य वेळा म्हटलं होतं. लोक फुटक्या बरण्या, तुटक्या बाहुल्या, चेंदामेंदा झालेले टोस्टर घेऊन येत, आणि पोस्टमास्तर पार्सलचं सील शाबूत दाखवून त्यांना परत पाठवत. त्यांचा स्वतःचा त्यावर पूर्ण विश्वास होता. "फुटले असतील तर ते मुळातच फुटके असणार."

आक्का बांध उतरून आल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी भावाच्या ओंजळीतली डाळ आपल्या तळहातावर घेतली आणि नुसत्या बघत राहिल्या. मग रानाकडे बघितलं. निम्म्याहून अधिक पीक अजून उभं होतं.

"म्हणजे यंदाही तेच," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि माया तर त्याहून नव्हती. फक्त दमलेपण होतं.

पोस्टमास्तर ते ऐकून जागच्या जागी बदलले, असं म्हणायला हरकत नाही. आपली अब्रू, आपलं कबुतर, आपला सावलीचा अपमान, सगळं त्यांच्या डोक्यातून एकदम उतरलं. ते उभ्या पिकात घुसले. एक झाड ओढलं, घाटा तोडला आणि चिमटीत धरला. सकाळी असला घाटा नखानं सोलावा लागत होता. आता तो नुसत्या स्पर्शानं टचकन उघडला आणि दाणा उडून त्यांच्या चष्म्यावर बसला. त्यांनी दुसरा तोडला, तिसरा तोडला. सगळे तसेच. ते वळून धावत सुटले.

"ऊन," ते धावता धावता सांगू लागले. "आक्का, ऊन लागलंय त्याला. सकाळी ओला होता म्हणून घट्ट फट लागली. आता तो आपणहून उघडतोय आणि मी त्याला अजून सकाळचाच मार देतोय. सैल करायला हवं. वेग उतरवायला हवा. सैल करा."

"करा ना मग," पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या.

पोस्टमास्तर शिडी चढले, दांड्यापाशी पोचले आणि थबकले. समोर कबुतर होतं. "सील फोडायला दोन साक्षीदार लागतात," ते हळूच म्हणाले. "आणि फोडण्याचं कारण लिहून ठेवावं लागतं."

खाली सगळे त्यांच्याकडे बघत होते. मेहुण्यानं डोक्याला हात लावला. डॉक्टर म्हणाले, मी एक साक्षीदार होतो. सूर्यफूलवाला म्हणाला, मी दुसरा होतो, पण मला नीट सही येत नाही.

"अहो," पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या, "मघाशीच माझा हात गेला होता तिथे. मला आवाज कळला होता. तुम्ही सांगितलं होतंत म्हणून मागे घेतला. मी उगाच तुमचं ऐकलं."

पोस्टमास्तरांच्या आयुष्यात अनेक तक्रारी आल्या, पण आपलं ऐकलं म्हणून कुणी तक्रार केल्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी पितळी शिक्का उलटा धरला आणि एकाच घावात कबुतराचे तुकडे केले. सुतळी सुटेना तेव्हा ती दातांनी तोडली. डॉक्टरांनी खालून कळवळून सांगितलं की दात त्यासाठी नसतात, पण तोवर ती तुटली होती.

एक खाच सैल. मेहुण्यानं यंत्र पुढे काढलं, पोस्टमास्तरांनी चाक फिरवून वेग उतरवला. अजून फुटत होते. आणखी एक खाच. अजून एखादा. आणखी थोडा वेग कमी. पोस्टमास्तरीणबाई यंत्राच्या कडेनं चालत कान देत होत्या. त्यांनी हात वर केला. "आता बरोबर बोलतंय."

टाकीत पुन्हा टपोरे, अभंग दाणे पडू लागले. डॉक्टरांनी भिंगातून पाहून दोन्ही हात उंचावले. पोस्टमास्तरांना इतका हर्ष झाला की ते चालत्या यंत्रावर उभे राहून कुणाकडेही बघून हात हलवू लागले.

त्या दुपारी त्यांनी पुन्हा सील लावलं नाही. उलट प्रत्येकाला काम वाटून दिलं. जे हात काल पाठीमागून चालत होते ते आता समोरून चालू लागले. पोस्टमास्तरीणबाईंनी आवाज ऐकायचा, डॉक्टरांनी दाणा बघायचा, मेहुण्यानं हाकायचं, आणि आक्कांनी एक एक दाणा दाताखाली घालून किती वाळलाय ते सांगायचं. ऊन कलतं झालं तसं हरभरा पुन्हा चिवट होऊ लागला, आणि खाच हळूहळू परत आवळावी लागली. कधी पोस्टमास्तरीणबाई आधी ओरडत, कधी डॉक्टर. एकदा दोघंही एकदमच ओरडले आणि दोघांचं म्हणणं अगदी उलट होतं. तेव्हा पोस्टमास्तर भर रानात यंत्र थांबवून उतरले, घाटा चिमटीत धरला आणि निवाडा दिला. ओरडाआरडा बराच झाला. त्यांच्या घरात इतक्या वर्षांत झाला नव्हता तेवढा एका दुपारी झाला, आणि सगळ्यांना त्याची गोडी लागली.

फुटका माल आक्कांनी बाजूला काढला. मधल्या थोड्या वेळातलाच होता, पण तो बियाण्यात मिसळायचा विचारही त्यांच्या मनात आला नाही. बाकी पोत्यांची थप्पी बांधाला उभी राहिली.

उन्हं उतरता उतरता बियाणं खात्याचा अधिकारी आला. गेल्या खेपेला हसलेला तोच. त्यानं थप्पीतली पोती आपल्या मनानं निवडली, वरची, खालची, मधली, आणि प्रत्येकातून मूठभर दाणे काढून पांढऱ्या कागदावर पसरले. मेहुण्यानं उगाच टायरला लाथ मारली. पोस्टमास्तर आक्कांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि आक्का कागदाकडे. अधिकारी बोटानं दाणे सरकवत गेला, फुटका शोधत. कितीतरी वेळ त्याला तो सापडेना. सापडला एखादा, तोही लहानसा. त्यानं पुन्हा पहिल्यापासून बघितलं. मग उभं राहून हात झटकले.

"पास आहे," तो म्हणाला. "बाई, सगळाच पास आहे. गेल्या खेपेला मी उगाच हसलो."

आक्का खाली पोत्यावर बसल्या.

"मळणी कुणी केली?" अधिकाऱ्यानं पेन काढत विचारलं. "बाकीच्या शेतकऱ्यांनाही सांगता येईल. ड्रम कुठल्या खाचेवर ठेवला होता?"

सकाळी हाच प्रश्न विचारला असता तर पोस्टमास्तरांनी छाती पुढे काढून एक आकडा सांगितला असता. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "कुठल्या वेळी?"

अधिकाऱ्याचं पेन हवेतच राहिलं.

आक्का पोत्यावरून उठल्या. आजवर त्यांनी भावाची ओळख ज्याला त्याला एकाच पद्धतीनं करून दिली होती, आमचा धाकटा, पोस्टात होता. आता त्या भावाशेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा माझा भाऊ. ह्यानं केली मळणी. ह्याला विचारून घ्या, मग यंत्राला हात लावा."

अशा प्रसंगी काय बोलायचं हे पोस्टमास्तरांना चांगलं ठाऊक होतं, निरोप समारंभात त्यांनी केलेलं भाषण अजून तोंडपाठ होतं. पण त्यातलं एकही वाक्य ओठांवर येईना. मनात एकच गोष्ट उड्या मारत होती, आणि तीच बाहेर पडली. ते सूर्यफूलवाल्याकडे वळले.

"तुमचं फूल पुरतं वाळलंय का हो?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्याच्या रानाकडे चालायला लागले.